‘ती दुसरी घ्यायला हवी होती!’
मोटारसायकलींच्या निवडीमागचे विज्ञान



तुमच्या घरात किंवा शेजारी कोणीतरी असे असेलच, की ज्यांनी चाळीस वर्षांपूर्वी आपली पहिली मोटारसायकल घेतली. त्यांना सहज विचारून पाहा, “काका, तेव्हा तुम्ही कोणती गाडी घेतलीत?” उत्तर एका वाक्यात संपणार नाही. घेतलेल्या गाडीची हकीकत सांगता सांगता ते न घेतलेल्या गाडीवर येतील आणि शेवटी म्हणतील, “खरे म्हणजे ती दुसरीच घ्यायला हवी होती!” गंमत अशी, की ज्यांनी ती ‘दुसरी’ घेतली, त्यांना विचारलेत तर त्यांतलेही पुष्कळजण हेच वाक्य पहिलीबद्दल म्हणतात.

मग चूक कोणाची झाली? की दोघेही बरोबर होते? हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न आहे असे तुम्हाला वाटेल. पण बल, शक्ती, ऊर्जा हे जे शब्द तुम्ही शाळेत शिकता, त्यांच्या साहाय्याने या भांडणाचा बराचसा निकाल लावता येतो. आणि जो भाग त्यातून सुटत नाही, तो का सुटत नाही हेही समजते. चला, प्रयत्न करून पाहू.

१९८६ सालचे दुकान

आपल्या देशात १९८० च्या सुमारापर्यंत मोटारसायकल घेणाऱ्याला फारशी निवड नव्हती. मद्रासला तयार होणारी एन्फिल्डची बुलेट, म्हैसूरला तयार होणारी येझ्दी आणि राजदूत, ही नावे घेतली की यादी जवळजवळ संपत असे. १९८४ आणि १९८५ या दोन वर्षांत चित्र पालटले. जपानी कंपन्यांच्या सहकार्याने १०० सीसीच्या हलक्या गाड्या आल्या. १९८४ मध्ये सुझुकीच्या तंत्राची, १९८५ मध्ये होंडाच्या तंत्राची ‘हिरो होंडा सीडी १००’ आणि त्याच वर्षी यामाहाच्या तंत्राची ‘आरएक्स १००’. त्याच सुमारास पुण्याच्या बजाज कंपनीनेही कावासाकीच्या तंत्राची १०० सीसी गाडी काढली. आता गिऱ्हाइकाला खरोखर विचार करावा लागू लागला.

आपण एक शिक्षक कल्पू. १९८६ सालची गोष्ट. ते सातारा जिल्ह्यातल्या एका गावी राहतात. शाळा २० कि.मी. वर, म्हणजे जाऊन-येऊन रोज ४० कि.मी. महिन्यातून एखादेवेळी पत्नीला मागे बसवून, खंबाटकी घाट ओलांडून पुण्याला जायचे असते. त्यांच्यापुढे चार गाड्या आहेत :

बुलेट ३५० — फोर-स्ट्रोक, सिलिंडरचा व्यास ७० मि.मी., दट्ट्याची धाव ९० मि.मी., १८ अश्वशक्ती.
येझ्दी रोडकिंग — टू-स्ट्रोक, व्यास ६५ मि.मी., धाव ७५ मि.मी., १६ अश्वशक्ती.
आरएक्स १०० — टू-स्ट्रोक, व्यास ५० मि.मी., धाव ५० मि.मी., ११ अश्वशक्ती.
सीडी १०० — फोर-स्ट्रोक, व्यास ५० मि.मी., धाव ४९.५ मि.मी., सुमारे सात-साडेसात अश्वशक्ती.

‘सीसी’ म्हणजे घन सेंटिमीटर. दट्ट्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकतो तेव्हा सिलिंडरमधली जेवढी जागा मोकळी होते, तिचे ते घनफळ. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र तुम्हाला ठाऊक आहे. बुलेटची त्रिज्या ३.५ सें.मी. आणि उंची ९ सें.मी. घेऊन गणित करा : ३.१४ × ३.५ × ३.५ × ९ = सुमारे ३४६. म्हणजे ‘३५०’ असे नाव असले तरी घनफळ ३४६ घन सें.मी. आहे. आरएक्सचे येते ९८ आणि सीडीचे ९७.

येथेच पहिले कोडे उभे राहते. शेवटच्या दोन गाड्यांचे सिलिंडर जवळजवळ एकाच मापाचे. मग एकीची शक्ती ११ आणि दुसरीची सातच्या आसपास, असे का?

दोन धावा आणि चार धावा

फोर-स्ट्रोक एंजिनात दट्ट्याच्या चार धावांमध्ये एक काम पुरे होते. पहिल्या धावेत दट्ट्या खाली जातो आणि पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत ओढतो. दुसऱ्या धावेत वर येऊन ते दाबतो. मग ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि तापलेले वायू दट्ट्याला जोराने खाली ढकलतात, ही तिसरी धाव. चौथ्या धावेत दट्ट्या वर येऊन जळलेला वायू बाहेर घालवतो. चार धावांपैकी एकच धाव कामाची, बाकीच्या तीन तयारीच्या. म्हणजे एंजिनाचा दांडा दोन फेरे फिरतो तेव्हा एकदा त्याला ढकल मिळते.

टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला ढकल मिळते. हे कसे साधते? तेथे झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीलाच भोके असतात. दट्ट्या खाली येताना प्रथम एक भोक उघडतो आणि त्यातून जळलेला वायू बाहेर धावतो. लगेच दुसरे भोक उघडते आणि दट्ट्याखालच्या पेटीत दाबून ठेवलेले ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये घुसते. हे ताजे मिश्रणच उरलेल्या जळक्या वायूला बाहेर ढकलते. दट्ट्या वर जाताना दोन्ही भोके झाकतो, मिश्रण दाबतो, आणि ठिणगी पडते.

ढकल दुप्पट वेळा मिळते तेव्हा शक्तीही दुप्पट हवी. पण ११ ही संख्या सात-साडेसातच्या दीडपटच भरते. उरलेले कोठे गेले?

त्यासाठी एक घरगुती उदाहरण घ्या. गढूळ पाण्याने भरलेला हंडा रिकामा न करता त्यातच वरून स्वच्छ पाणी ओतत राहिलात, तर गढूळ पाणी काठावरून वाहून जाईल हे खरे. पण त्याबरोबर थोडे स्वच्छ पाणीही जाईल, आणि थोडे गढूळ आतच राहील. टू-स्ट्रोक एंजिनात नेमके हेच होते. ताज्या मिश्रणाचा पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, न जळताच बाहेर निघून जातो. आणि आत राहिलेला जळका वायू पुढच्या ज्वलनात अडथळा करतो. शिवाय दट्ट्याखालची पेटी मिश्रणासाठी वापरलेली असल्यामुळे तेथे वंगणाचे तेल साठवून ठेवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलमध्ये मिसळून टाकावे लागते, किंवा वेगळ्या टाकीतून पंपाने थोडे थोडे सोडावे लागते. तेही पेट्रोलबरोबर जळते, आणि सायलेन्सरमधून तो ओळखीचा निळसर धूर निघतो.

एवढे असूनही टू-स्ट्रोक गाड्या का घेत? कारण त्या साध्या असत. झडपा नाहीत, त्या उघडझाप करणारी यंत्रणा नाही. एंजिन हलके, सुटे भाग थोडे आणि गावातल्या मिस्त्रीलाही खोलता येईल असे. आणि आकाराच्या मानाने शक्ती जास्त. हा फायदा लहान नव्हे.

शक्ती दीडपट, पण वेग?

आता आपल्या शिक्षकांना त्यांचा धाकटा भाऊ सांगतो, “अकरा अश्वशक्तीची घ्या. सातवाली घेऊन काय करणार?” त्याचे म्हणणे तपासून पाहू.

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला मुख्यतः दोन विरोधांशी झगडावे लागते. एक, चाकांचा लोळण-विरोध. तो एकूण वजनाच्या साधारण दीड टक्का धरू. गाडी ११० किलो आणि चालक ७० किलो मिळून १८० किलो. त्यांचे वजन सुमारे १७६४ न्यूटन. त्याचा दीड टक्का म्हणजे सुमारे २६ न्यूटन. हा विरोध वेग वाढला तरी फारसा वाढत नाही.

दुसरा विरोध हवेचा. तो मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताठ बसलेल्या चालकासाठी ढोबळ मानाने असे धरता येते : हवेचा रोध (न्यूटनमध्ये) = ०.३ × वेग × वेग. येथे वेग मीटर दर सेकंदात घ्यायचा. लागणारी शक्ती म्हणजे एकूण विरोध गुणिले वेग. आणि ७४६ वॉट म्हणजे एक अश्वशक्ती. आता हिशेब पाहा :

ताशी ४० कि.मी. — एकूण विरोध ६३ न्यूटन, लागणारी शक्ती सुमारे ०.९ अश्वशक्ती.
ताशी ६० कि.मी. — विरोध १०९ न्यूटन, शक्ती सुमारे २.४ अश्वशक्ती.
ताशी ८० कि.मी. — विरोध १७४ न्यूटन, शक्ती सुमारे ५.२ अश्वशक्ती.
ताशी १०० कि.मी. — विरोध २५८ न्यूटन, शक्ती सुमारे ९.६ अश्वशक्ती.

हे आकडे नीट न्याहाळा. ताशी ४० च्या वेगाला एक अश्वशक्तीही लागत नाही! वेग दुप्पट केला तर शक्ती मात्र साडेपाचपट लागते. मोठ्या वेगाला हवेचाच विरोध प्रमुख होतो, आणि शक्ती जवळजवळ वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. हे उलट करून पाहू. शक्ती दीडपट केली तर वेग किती वाढेल? १.५ चे घनमूळ सुमारे १.१४. म्हणजे शक्तीत पन्नास टक्के वाढ, पण वेगात अवघी चौदा टक्के. एंजिनाची काही शक्ती साखळी आणि गिअरमध्ये खर्च होते हे धरले, तर सीडी ताशी ८५ च्या आसपास थांबेल आणि आरएक्स १०० च्या आसपास. चालवणाऱ्यांचा अनुभवही असाच होता. आणि हा वाढीव वेग आपल्या शिक्षकांना रोजच्या रस्त्यावर कधी वापरायचाच नव्हता.

मग धाकटा भाऊ चुकला का? पुरताच चुकला असे नाही. जास्तीची शक्ती कमाल वेगासाठी फारशी उपयोगी पडत नसली, तरी वेग वाढवताना आणि चढावर ती उपयोगी पडते. समजा, गाडी ताशी ६० ने चालली आहे. त्यासाठी २.४ अश्वशक्ती खर्च होते. सातवालीजवळ साडेचार शिल्लक राहते, अकरावालीजवळ साडेआठ. शिल्लक दुप्पट, म्हणून गाडीचे त्वरणही जवळजवळ दुप्पट. आरएक्सची ‘उडी’ लोकांना आठवते ती यामुळे.

घाटातली परीक्षा

आता खंबाटकी घाट घेऊ. गाडीवर दोघे बसले आहेत, सोबत पिशवी आहे. एकूण २५० किलो. चढ असा, की १५ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर जाते. एकूण वजन २४५० न्यूटन. त्याचा पंधरावा भाग, म्हणजे सुमारे १६३ न्यूटन, एवढे जास्तीचे बल केवळ चढण्यासाठी हवे. ताशी ४० ने चढायला सुमारे साडेतीन अश्वशक्ती लागते. सपाटीवर एकट्याला लागे त्याच्या जवळजवळ चौपट! ताशी ६० ने चढायचे म्हटले तर सव्वासहा. म्हणजे लहान फोर-स्ट्रोक गाडीची सगळी शक्ती येथे संपते. समोर लादलेला ट्रक कुंथत चालला असेल, तर त्याला ओलांडण्याचा विचार न करता मागेच राहणे शहाणपणाचे. येथे जास्त शक्तीची गाडी ही चैन ठरत नाही. दोघांना घेऊन वारंवार घाट चढणाऱ्या माणसाला बुलेट किंवा येझ्दी का आवडत होती, हे आता कळेल.

लिटरमध्ये किती ऊर्जा?

गाडी घेताना आपल्याकडे सर्वांत आधी विचारतात तो प्रश्न : “ॲव्हरेज किती देते?” सीडी १०० च्या जाहिरातीत लिटरला ८० कि.मी. चा आकडा असे. आरएक्स चालवणारे साधारण ४०-४५ सांगत, बुलेटवाले ३०-३५.

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे ३ कोटी २० लाख ज्यूल ऊर्जा मिळते. ताशी ४० ने जाताना विरोध ६३ न्यूटन आहे, म्हणून एक कि.मी. ला ६३ × १००० = ६३,००० ज्यूल कार्य करावे लागते. भागाकार करा. उत्तर येते ५०० कि.मी. हून अधिक! मग एवढे ॲव्हरेज कोणतीच गाडी का देत नाही? कारण पेट्रोलची बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन एंजिनाच्या पंखांवाटे आणि सायलेन्सरवाटे निघून जाते. कमी शक्तीवर चालणाऱ्या लहान एंजिनाकडून चाकापर्यंत शंभरातले पंधरा हिस्से पोचले, तर ५०० चे ७५ होतात. म्हणजे ८० च्या आसपासचा आकडा सावकाश, एकसारख्या वेगाने, एकट्याने चालवले तर येऊ शकतो. पण हीच गाडी ताशी ८० ने हाकलली, तर दर कि.मी. ला १,७४,००० ज्यूल लागतात. त्या वेगाला एंजिनाची कार्यक्षमता सुधारून वीस टक्के झाली असे धरले, तरी लिटरला ३७ कि.मी. च मिळतात. “जाहिरातीत खोटे लिहिले होते” अशी तक्रार करणाऱ्या पुष्कळांनी आपला वेग आधी तपासायला हवा होता.

आता शिक्षकांचा महिना मोजू. रोजचे ४० कि.मी., महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १००० कि.मी. लिटरला ७० मिळाले तर १४ लिटर. ४५ मिळाले तर २२ लिटर. ३२ मिळाले तर ३१ लिटर. तुमच्या गावच्या आजच्या दराने गुणून पाहा. मास्तरांच्या पगारातून हा फरक दरमहा जायचा होता.

गुण सगळ्यांना सारखे, भार निरनिराळा

एवढ्या माहितीवर निवड कशी करावी? एक सोपी पद्धत आहे. प्रत्येक गाडीला प्रत्येक विषयात पाचपैकी गुण द्या. नंतर तो विषय आपल्याला किती महत्त्वाचा आहे ते ठरवून त्याला भार द्या; सगळ्या भारांची बेरीज दहा ठेवा. गुण गुणिले भार करून बेरीज घ्या. सोपे जावे म्हणून आपण तीनच गाड्या घेऊ. गुण मी वरच्या हिशेबांवरून अंदाजाने दिले आहेत :

पेट्रोलची बचत — सीडी ५, आरएक्स ३, बुलेट २.
चपळपणा — सीडी २, आरएक्स ५, बुलेट ३.
लांबचा प्रवास, दोघे आणि ओझे — सीडी २, आरएक्स ३, बुलेट ५.

आपले शिक्षक बचतीला ६, चपळपणाला १ आणि लांबच्या प्रवासाला ३ भार देतात. बेरीज : सीडी ३८, आरएक्स ३२, बुलेट ३०. त्यांनी सीडी घ्यावी.

त्यांचा धाकटा भाऊ बचतीला २, चपळपणाला ६, लांबच्या प्रवासाला २ भार देतो. बेरीज : सीडी २६, आरएक्स ४२, बुलेट ३२. त्याने आरएक्स घ्यावी.

सुट्टी मिळाली की पत्नीसह दूरदूर फिरणारे त्यांचे एक मित्र भार देतात २, २ आणि ६. बेरीज : सीडी २६, आरएक्स ३४, बुलेट ४०. त्यांनी बुलेट घ्यावी.

पाहिलेत? गुण तेच, गाड्या त्याच, गणितही तेच. तरी उत्तरे तीन, आणि तिन्ही बरोबर! गुण ठरवण्याचे काम विज्ञानाचे आहे. भार मात्र ज्याचा त्यानेच ठरवायचा असतो. “कोणती गाडी चांगली?” हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. “कोणासाठी आणि कशासाठी?” हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

मग शिक्षकांना पुढे हळहळ का वाटते? कारण आठवण भार बदलते. महिन्याचे पंचवीस दिवस गाडी मुकाट्याने शाळेत नेते-आणते, ते दिवस लक्षात राहत नाहीत. लक्षात राहतो तो एक दिवस, घाटात ट्रकच्या मागे धूर खात काढलेला. त्या दिवशी ते आपल्या गाडीच्या सर्वांत कमी गुणांची दुसऱ्या गाडीच्या सर्वांत जास्त गुणांशी तुलना करतात. धाकट्या भावाला महिनाअखेर पेट्रोलचा हिशेब मांडताना उलटे वाटते. तुलना करायची तर सगळ्या विषयांची करावी, आणि निवड केली त्या दिवशीच्या गरजांशी ताडून करावी. एरवी प्रत्येक घेतलेली गाडी हरते.

दोन विषय राहूनच गेले

आता मी तुम्हाला एक प्रश्न विचारतो. वरच्या यादीत कोणते विषय राहिले, सांगा पाहू.

एक राहिला थांबण्याचा. या चारही गाड्यांना तेव्हा ड्रम ब्रेक होते. चालत्या गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ब्रेकने दर सेकंदाला ५ मीटर दर सेकंद एवढा वेग कमी होतो असे धरा. ताशी ४० ला गाडी १२ मीटरमध्ये थांबते, ताशी ८० ला ४९ मीटर लागतात. त्यात धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंतचा एक सेकंद मिळवा : एकूण २३ मीटर आणि ७१ मीटर. दुकानात उभे राहून ‘किती पळते’ असे विचारणारे पुष्कळ. ‘किती अंतरात थांबते’ असे विचारणारे विरळा. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींपैकी १२५ सीसीच्या वरच्यांना चाक जाम होऊ न देणारी ब्रेकयंत्रणा सक्तीची झाली, आणि त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकदम लागण्याची सोय.

दुसरा राहिलेला विषय अधिक महत्त्वाचा, कारण त्याची किंमत गाडीवाला देतच नाही. हंड्यातून वाहून गेलेले ते स्वच्छ पाणी आठवा. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरमधून निघणारे न जळलेले पेट्रोल आणि तेलाचा धूर गाडीवाल्याच्या मागे राहतो. तो जातो चौकात उभ्या असलेल्या हवालदाराच्या, फुटपाथवरच्या भाजीवालीच्या आणि पायी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या छातीत. वरच्या तक्त्यात ‘शेजाऱ्याची हवा’ असा एक विषय घातला, तर टू-स्ट्रोकला पाचपैकी एकच गुण देता येईल. पण शिक्षक, त्यांचा भाऊ आणि मित्र, तिघांपैकी कोणीही त्याला भार दिला नव्हता. ते वाईट नव्हते; त्यांना ते सुचलेच नाही, कारण तो खर्च त्यांच्या वहीत कधी उमटला नाही.

गिऱ्हाईक जो भार देत नाही, तो शेवटी कायद्याला द्यावा लागतो. भारतात धुराचे पहिले नियम १९९१ मध्ये लागू झाले. १९९६ मध्ये आणि पुन्हा २००० मध्ये ते कडक झाले. १९९६ मध्येच आरएक्स १०० आणि येझ्दी या दोन्ही गाड्यांचे उत्पादन थांबले, आणि पुढच्या दशकात टू-स्ट्रोक मोटारसायकली दुकानांतून नाहीशा होत गेल्या. एप्रिल २०२० पासून तर भारत स्टेज सहा हे त्याहून कडक नियम आहेत. आरएक्सचा तो खणखणीत आवाज ऐकून आजही अनेकांचे मन हळहळते. हळहळ खोटी नाही. पण त्या आवाजाबरोबर बाहेर पडणारे न जळलेले पेट्रोलही खरेच होते. फोर-स्ट्रोकही निर्दोष नाही, हे लक्षात ठेवा. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, मग एंजिन कोणतेही असो.

मित्रहो, वयाची अठरा वर्षे पुरी झाली की तुम्हाला गिअरची गाडी चालवण्याचा परवाना मिळू शकेल. तेव्हा तुमच्यापुढे पेट्रोलच्या आणि विजेच्या अशा दोन्ही गाड्या असतील. एक काका एक सांगतील, दुसरे दुसरे. त्या वेळी वही काढा, विषय लिहा, गुण द्या, भार ठरवा. आणि शेजाऱ्याच्या हवेचा रकाना रिकामा सोडू नका. एवढे करून घेतलेल्या गाडीबद्दलही पुढे कधी “ती दुसरी घ्यायला हवी होती” असे वाटेलच. पण तेव्हा वही उघडून पाहता येईल, की आपण काय विचार केला होता.

करून पाहा

१. काचेचा पेला शाई मिसळलेल्या पाण्याने काठोकाठ भरा आणि ताटात ठेवा. वरून हळूहळू एक पेलाभर स्वच्छ पाणी ओता. पेल्यातले पाणी पूर्ण स्वच्छ झाले का? ताटातले पाणी मूळच्या शाईच्या पाण्यापेक्षा फिके का दिसते? टू-स्ट्रोक एंजिनाशी याचा संबंध जोडा.

२. येझ्दी रोडकिंगच्या सिलिंडरचे घनफळ वर दिलेल्या मापांवरून काढा.

३. घरातल्या किंवा शेजारच्या दुचाकीचे ॲव्हरेज एक महिना मोजा. टाकी पूर्ण भरल्यावर कि.मी. चा आकडा लिहून ठेवा. पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरताना किती लिटर बसले ते पाहा आणि भागाकार करा. ओझे, चढ आणि वेग यांची नोंदही ठेवा.

४. ताशी ५० कि.मी. आणि ताशी ७० कि.मी. या वेगांना लागणारी अश्वशक्ती आणि थांबायला लागणारे अंतर काढा. तुमच्या शाळेसमोरच्या रस्त्यावर वेगाची मर्यादा किती असावी, याचे उत्तर या आकड्यांवरून द्या आणि वर्गात चर्चा करा.